मदत हवी आहे: विजांचे फोटो काढायचेत, पण परवा जे झालं त्यानंतर हिंमत होत नाही

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी सासवडचा. एप्रिल-मे आला की आमच्याकडे दुपारी ढग फुलायला लागतात. आधी कापसाच्या गंजीसारखा एक, मग त्याच्या खांद्यावर दुसरा, आणि बघता बघता डोकं वर जाऊन ऐरणीसारखं सपाट होतं. खालची बाजू दौत सांडल्यासारखी. लहानपणी आजी दारं लावून घ्यायची आणि मी खिडकीला चिकटायचो. सेकंडहँड कॅमेरा घेतला तो खरं तर या वळवासाठीच.

परवा संध्याकाळी जेजुरीच्या अंगाला असाच एक चढलेला दिसला. बाइक काढली, माळावर गेलो आणि सगळ्यात उंच जागा बघून ट्रायपॉड लावला. (हो, सगळ्यात उंच. शिव्या शेवटी द्या.) पहिली वीस मिनिटं भान नव्हतं. ढगाच्या पोटात कुणी कंदील घेऊन फिरतंय असा उजेड, आणि मधूनच एक वीज खाली उतरायची. मग वारा पडला, आणि लगेच गार झोत आला. धूळ, ओल्या मातीचा वास. मला वाटलं, आता खरी मजा.

एक धनगरबाबा मेंढ्या खाली घेऊन चालले होते. ओरडले, "ओ पाव्हणं, लोखंड घिऊन हुबं काय ऱ्हायलाय? खाली या की!" मी हात केला, "आलोच" म्हणालो आणि अजून एक फ्रेम लावली. तेवढ्यात ट्रायपॉडमधून बारीक आवाज यायला लागला. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर होतो तसा, पण न थांबणारा. हातावरचे केस उभे राहिले. कॅमेरा तिथंच सोडून उतारावरून पळालो, घसरलो, गुडघा फुटला. वीज पलीकडच्या टेकाडावर पडली. उजेड आधी की आवाज, ते कळलंच नाही.

कॅमेरा शाबूत आहे. घरी अजून काही सांगितलेलं नाही, गुडघ्याचं खापर बाइकवर फोडलंय.

आणि एवढं करून फोटो बाद. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८००, अॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ ४, शटर २५ सेकंद उघडं. जवळच्या विजा म्हणजे नुसता पांढरा पट्टा, लांबच्या धूसर. जाणकारांनी सांगावं: सेटिंग काय ठेवू? अॅल्युमिनियमऐवजी कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला तर धोका कमी होईल का? वीज किती लांब असेपर्यंत थांबावं? आणि 'हा नाद सोड' हे उत्तर असेल तर तेही सांगा, पण कारण देऊन.

प्रतिसाद: रानवाटा

आधी ट्रायपॉडचं. कार्बन फायबरमधूनही वीज वाहते, त्यामुळे पैसे वाचवा. वीज लोखंड शोधत येत नाही. उघड्या माळावर जे एकटं आणि उंच उभं असतं ते तिला सोयीचं पडतं, आणि तिथे ते तुम्ही होतात. तो चर्रर्र आवाज आणि उभे केस म्हणजे जमिनीकडून वर जायला निघालेला विद्युतभार. तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड दोघेही तिच्या वाटेत होतात. पळालात हे बरोबर केलंत, पण त्या क्षणी पळायला वेळ मिळेलच असं नसतं.

शिवाय अंगावरच पडायला हवी असंही नाही. जवळपास पडलेली वीज जमिनीतून पसरते आणि एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. एका झाडाखाली उभी असलेली गुरं एकदम दगावतात ती बहुतेक अशीच. आपल्या देशात वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं विजेनं जातात, त्यात शेतात-रानात असलेली सर्वांत जास्त. ११ जुलै २०२१ ला जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या बुरुजावर पाऊस बघायला गेलेल्यांवर वीज पडली, अकरा जण गेले. काहीजण सेल्फी काढत होते.

प्रतिसाद: एफ_अकरा

नाद सोडू नका, जागा सोडा.

उजेड आणि आवाज यांतले सेकंद मोजा आणि तीननं भागा, साधारण तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा थेट आसऱ्याला जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. मी स्वतः याहून कडक वागतो. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येतो, आणि ढगापासून तेवढ्याच अंतरावर निरभ्र आभाळातही वीज पडू शकते. म्हणून ऐकू आलं की मी गाडीची काच वर करतो.

आता गंमत बघा. तुम्हाला जे दृश्य हवंय, ऐरणीसकट अख्खा ढग आणि खाली उतरलेली वीज, ते माळावर उभं राहून फ्रेममध्ये मावतच नाही. ढगाची उंचीच बारा-पंधरा किलोमीटर. खाली उभं राहून फक्त त्याची पोटरी दिसते. माझे बरे फोटो सगळे तीस-चाळीस किलोमीटरवरून काढलेले आहेत, आवाजाशिवाय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' अॅप तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात कुठे विजा पडताहेत ते दाखवतं. मी विसाच्या बाहेरच राहतो.

बसायचं चारचाकीत. टायरच्या रबरानं वाचतो हा गैरसमज आहे, वाचवतो तो पत्र्याचा पिंजरा. काचा बंद, चार्जर काढलेला, हात मांडीवर. बाइक, झाड, पत्र्याची शेड, एसटीचा उघडा थांबा यांतलं काही आसऱ्यात धरू नका.

सेटिंग: रात्रीच्या फोटोत वीज किती उजळ येणार हे अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात, शटर नाही. वीज अर्ध्या सेकंदात संपते, तुम्ही शटर दहा सेकंद ठेवा नाहीतर तीस. शटरनं फक्त आभाळ आणि गावातले दिवे उजळतात. आयएसओ १०० किंवा २००, एफ ८, शटर १०-२० सेकंद, रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. फोकस लांबच्या दिव्यावर हातानं लावा आणि रिंगला चिकटपट्टी मारा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब फोटोतले ठिपके पुसायची सोय) बंद करा, नाहीतर वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद डोळे मिटून बसतो आणि सगळ्यात भारी वीज नेमकी तेव्हाच पडते.

प्रतिसाद: मृगाचा_किडा

दिवसा शटर एवढा वेळ उघडं ठेवता येत नाही, तेव्हा ट्रिगर लागतो, म्हणजे वीज चमकताच कॅमेऱ्याला फोटो काढायला लावणारं उपकरण. एका विजेत बऱ्याचदा तीन-चार झटके असतात, म्हणून ती थरथरल्यासारखी दिसते. ट्रिगर पहिल्या झटक्यानं जागा होतो आणि कॅमेऱ्यात पुढचे झटके सापडतात. एकच झटका असला तर हात चोळत बसायचं.

अनुभव आहे म्हणून निभावेल असं मात्र समजू नका. अमेरिकेतले टिम समारास वादळांच्या आत उपकरणं ठेवणारे संशोधक, विजेसाठी अतिवेगवान कॅमेराही वापरायचे. सावध म्हणून ओळखले जायचे. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोच्या टॉर्नेडोनं त्यांना, त्यांच्या मुलाला आणि सहकाऱ्याला गाडीसकट गाठलं. चार किलोमीटरहून रुंद होता तो, आणि त्यानं दिशाही बदलली होती. तुमच्या वळवातसुद्धा तो गार झोत आला ना, तो ढगातून खाली कोसळलेला वारा. तो लागला म्हणजे ढग दारात आला. तेव्हा फ्रेम लावायची नसते.

आणि घरी सांगा हो. निदान कुठल्या रस्त्याला जातोय एवढं तरी.

धागाकर्ता:

सर्वांचे आभार. घरी सांगितलं. आईनं आधी झापलं, मग जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात ज्वारी भरून दिली, गाडीच्या खिडकीवर कॅमेरा टेकवायला.

काल मित्राच्या गाडीत मोरगाव रस्त्याला कडेला थांबलो. ढग पार बारामतीच्या पलीकडे, दामिनीच्या मोठ्या वर्तुळाच्या काठावर. एफ ८, आयएसओ २००, १५ सेकंद. दीड तास नीरव शांतता, फक्त रातकिडे, आणि समोर तो अख्खा ढग आतून पेटत-विझत होता. परवा मी त्याच्या खाली होतो हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. नऊच्या सुमाराला बारीक गुरगुर ऐकू आली, काच वर केली आणि घरी आलो.

तीनशेच्या आसपास फ्रेम, विजा अकरांत, बऱ्या तीन. एकीत तारांचा खांब मधोमध आलाय. तिन्ही एकाच जागेवरून आहेत, एकत्र करता येतील का?

प्रतिसाद: एफ_अकरा

येतील. फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्ही फोटो थरांसारखे एकावर एक ठेवा, वरच्या दोन्हींचा ब्लेंड मोड 'लाइटन' करा, म्हणजे प्रत्येक जागी जो थर जास्त उजळ तोच दिसतो. ज्वारीची पिशवी थोडी हलली असेल, तर आधी गावातल्या दिव्यांवरून जुळवून घ्या. खांबवाली फेकून देऊ नका, इथे चढवा, बघू.