उ: उथळ पाण्यासाठी लाकडी शिडाची होडी

कील (बुडाखाली पाण्यात उतरलेला कायमचा कणा) नसलेली सपाट बुडाची होडी वाऱ्यावर चढूच शकत नाही, म्हणजे वारा येतो त्या दिशेने पुढे सरकू शकत नाही, नुसती बाजूला घसरते, असं या चर्चेत वर कोणीतरी लिहिलंय. मला पटत नाही. घसरण थांबवायला पाण्यात उतरणारी फळी लागते, पण ती कायम खालीच असायला हवी असं कुठाय? सेंटरबोर्डचा, म्हणजे होडीच्या मधल्या खाचेतून खाली-वर होणाऱ्या फळीचा, विषय निघाला, मात्र जुन्या डच होड्यांच्या दोन्ही अंगांना बाहेरून टांगलेल्या फळ्या (लीबोर्ड) राहूनच गेल्या. वारा येतो त्याच्या पलीकडच्या अंगाची फळी पाण्यात सोडायची. होडी वळवली की ती उचलून दुसरी सोडायची. नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळच्या उथळ वाडन समुद्रात ओहोटीला या होड्या चिखलावर सरळ बसतात, कलंडत नाहीत.

या फळ्यांची किंमत मला इथे नाशकात कळली. मे महिन्यात गंगापूर धरणाचं पाणी खूप मागे गेलं होतं. मित्राची सागवानी होडी काठाला टेकली आणि सेंटरबोर्डच्या खाचेत सुपारीएवढा खडा अडकला. बोर्ड ना वर ना खाली. शेवटी गुडघाभर गाळात उभं राहून, होडी एका कुशीवर करून, खालून लोखंडी पट्टीने तो खडा काढला. तासभर तरी गेला असेल. बाहेरच्या फळीला खाचच नसते, खडा अडकणार कुठे? शिवाय होडीच्या मधोमध सेंटरबोर्डची पेटी येत नाही, म्हणजे गळतीची एक हमखास जागा कमी आणि झोपायला सलग जागा. उथळ पाण्यात मुक्कामी फिरायचं असेल तर माझं मत याच फळ्यांना.