मदत हवी आहे: आईसोबत बघायला सिनेमा सुचवा

नमस्कार. आम्ही फोंड्याला राहतो. बाबा गेल्यापासून आई गप्पगप्पच असते, म्हणून रविवारी हुमण-भात जेवून झाला की आम्ही दोघं मिळून सिनेमा बघतो.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) बघताना ती पोटभर हसली. फाळके घरातलं सामान विकतात तिथे म्हणाली, "बायको किती सोसते बघ!" परवा 'किल्ला' (2014) लावला. मला फार आवडला, पावसातलं कोकण तर अप्रतिम. पण वडील गेलेला तो मुलगा बघून आई पदराने डोळे पुसत राहिली. चहा तसाच निवला. आधी विचारून घ्यायला हवं होतं.

आता येत्या रविवारी काय लावू? हलकाफुलका हवा, पण पाचकळ नको. सबटायटल तिला वाचता येत नाहीत, तेव्हा मराठी किंवा कोंकणीच. स्वतः बघितलेलाच सुचवा, प्लीज.