उत्तर: पोटमाळा, ओटा आणि कलम १६

नाशिकच्या रविवार कारंजाच्या तुमच्या जुन्या वाड्यातल्या भाडेकरूने स्वयंपाकाचा ओटा बांधला, वर स्लॅबचा पोटमाळाही टाकला, असं तुम्ही लिहिलंय आणि त्यावरून जागेचा ताबा परत मागता येईल का, असं विचारलंय. दोन्ही वेगळं बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६(१)(ख) नुसार मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम केल्यास ताबा मागता येतो. पण स्वयंपाकघरातला उभा ओटा, लाकडी पार्टिशन, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी त्यात येत नाहीत (जिथे लागते तिथे पालिकेची परवानगी हवीच). म्हणजे ओटा सोडा, जोर भिंतीत खाचा पाडून बसवलेल्या स्लॅबवर द्या. तोंडी होकार चालत नाही. दाव्यात लगेच कोर्ट कमिशनर (जागेची पाहणी करून अहवाल द्यायला कोर्टाने नेमलेली व्यक्ती) मागा. उशीर केलात तर स्लॅब गायब आणि पुरावाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार (भाडेपट्टा नव्हे, फक्त जागा वापरायचा परवाना) असेल तर हे कलम लागूच नाही.