मदत हवी आहे : चेहरा न लपवता ओळख कशी झाकायची?

ठाण्यात क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) व्यक्तींची १८ बाय २४ इंची तैलव्यक्तिचित्रं चालू आहेत. इंद्रधनुष्य, भडक लिपस्टिक, खिडकीशी उदास बसणं हे सगळं बाद. डबा भरणारे हात, इस्त्रीचा शर्ट, लोकलचा पास चालेल. चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९७२ मध्येच घड्याळदुरुस्तीचं साधं दुकान रंगवलं होतं, ती वाट.

अडचण अशी की ज्यांची चित्रं करायची त्यांतल्या दोघांनी आपण क्वीअर असल्याचं घरी सांगितलेलं नाही. चेहरा अंधारात ठेवला की माणूस गुन्हेगार वाटतो, पाठमोरा केला की लाजलेला. नाक-डोळे बदलले तर तो माणूसच उरत नाही. नुसत्या हातांवर आणि मानेच्या ठेवणीवर चित्र तोलेल का?

शिवाय सावळ्या त्वचेत टायटेनियम व्हाइट जरा जास्त झाला की खडूसारखी राखाडी झाक येते. उजेडाच्या जागी यलो ऑकर, बर्न्ट सिएना असे मातकट रंग वापरून पांढरा कितपत टाळता येतो? आणि संमतीपत्रात प्रदर्शन व इंटरनेट यांची परवानगी वेगवेगळी घेता का?