पाचवीतल्या मुलीला महिन्याचे पैसे हातात द्यावेत का?

इंदिरानगरची आई:
जूनपासून मुलीला दर एक तारखेला ३०० रुपये देते, रोख. खाऊ, पेनं, स्टिकर, मैत्रिणींचे वाढदिवस, सगळं त्यातच. संपले की पुढच्या एक तारखेपर्यंत थांबायचं. पहिल्याच महिन्यात नऊ दिवसांत संपले आणि अकराव्या दिवशी जिवलग मैत्रिणीचा वाढदिवस आला. मी पैसे दिले नाहीत. तिने घरी शुभेच्छापत्र रंगवलं आणि डोळे पुसत गेली. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत.
मला अजूनही वाटतं, मी बरोबर केलं. मोबाईलने कोड स्कॅन केला की वस्तू मिळते, एवढंच तिने पाहिलंय. नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात हे तिला पाठ आहे, पण घरात पैसा येतो कसा आणि संपतो कसा, हे ठाऊक नव्हतं. तुम्ही काय केलं असतं?

पंचवटीचे आजोबा:
मी पैसे दिले असते. पोर रिकाम्या हाताने गेली, यात शिक्षा झाली, शिकवण कुठे झाली? आमची आई आम्हाला गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात न्यायची. पिशवी आमच्याकडे, भाव आम्ही विचारायचे, उरलेली मोड घरी आल्यावर तिच्या हातात मोजून द्यायची. घरातला पैसा सगळ्यांचा असतो, हे त्यातून कळलं. तुमच्या ३०० रुपयांतून ‘हे माझे’ एवढंच कळेल.

नाशिकरोडहून, बँकेत नोकरी:
आजोबा, नाही पटत. दुसऱ्याच्या पिशवीचा हिशेब ठेवणं वेगळं आणि स्वतःचे पैसे संपल्याचं सोसणं वेगळं. नऊ दिवसांत ३०० उडाले, ही चूक दहाव्या वर्षी झाली ते बरं. पंचविशीत क्रेडिट कार्डावर हीच चूक फार महाग पडते, रोज पाहतो.
दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं बचत खातं उघडून द्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच परवानगी दिली आहे. रकमेची मर्यादा बँक ठरवते. उरलेले पैसे मुलीला स्वतः भरू द्या, स्लिपसुद्धा तिलाच लिहू द्या. ‘सुकन्या समृद्धी’ काढली की काम झालं, असं पालक सांगतात. ते खातं जरूर असावं, पण मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत ते पालकच चालवतात. त्यातून ती काय शिकणार?

निफाडचा शेतकरी:
तुमची एक तारीख ठरलेली आहे. आमच्याकडे ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी, पैसा येतो फेब्रुवारी-मार्चात. मधली औषधं उधारीवर. कांद्याचंही तेच.
बारा वर्षांच्या मुलाला मागच्या वर्षी लासलगावला लिलावाला नेलं. २० क्विंटल कांदा, भाव क्विंटलला ११००. पोराने तिथेच २२,००० चा हिशेब केला. मग पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, हातात आली; हमाली-तोलाई वजा. घरी येऊन वहीत बियाणं, खत, मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं मांडलं, तेव्हा हाती फारसं काहीच उरलं नव्हतं. रात्री म्हणाला, “पप्पा, मला सायकल नको.”
लोक म्हणतील, किती समजूतदार पोरगा! माझ्या मात्र पोटात कालवलं. त्या वयात मागणंच बंद व्हायला नको. दुसऱ्या दिवशी त्याला वहीचं दुसरं पान दाखवलं: तुझी फी बाजूला काढलेली आहे, दाणागोटा आहे, सायकल द्राक्षाच्या पैशातून घेऊ. खर्च दाखवला तर शाबूत काय आहे तेही दाखवा. अर्धाच हिशेब पाहिला की लेकरू घाबरतं.

इंदिरानगरची आई:
दादा, हे वाचून थांबले. मी तिला फक्त ‘संपले’ एवढंच दाखवलं होतं. आता वाढदिवसाची भेट घरखर्चातून, पण शंभरपर्यंत आणि निवड तिची. बुधवारी पिशवी घेऊन ती आजीबरोबर जाईल. ३०० मात्र तसेच राहतील, मध्ये भर नाही.

पंचवटीचे आजोबा:
बाजाराचं पटलं. ३०० चं अजून नाही पटलं.