चाळीस वर्षांची पोर्तुगीज रेड वाईन उघडायची आहे, कशी उघडू?

फोंडेकर
येत्या रविवारी आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. पणजीच्या फोंतेन्हासला आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो त्या बाई मुलाकडे लिस्बनला कायमच्या गेल्या. जाताना "तुझ्या बाबांच्या लग्नाच्या सालाची आहे" म्हणत एक बाटली हातात ठेवली. लेबलवर बायर्रादा (पोर्तुगालचा वाईनचा प्रदेश), गर्राफैरा (म्हणजे जास्त वर्षं मुरवलेली), १९८५. इतकी वर्षं लाकडी कपाटात उभीच होती, एसी वगैरे काही नाही. वाईन मानेखाली, खांद्यापर्यंत उतरलीय. टोपणाची पत्री एका बाजूला चिकट लागते. माझ्याकडे साधा कॉर्कस्क्रू आहे. किती वेळ आधी उघडू? आई शागुती करणार आहे, ती चालेल ना? आणि पिऊन कोणी आजारी तर पडणार नाही? आईला वाटतंय आपल्या पोर्टसारखी गोड असेल.

म्हापशेकर
गोव्याच्या उकाड्यात इतकी वर्षं? व्हिनेगर झालं असणार. विंदालूत घाल, नाव निघेल.

जुना_तारवटी
विंदालूत काय घालायची मरे, आधी वास तरी घेऊ दे त्याला!

फोंडेकरबाब, मी जहाजावर वाईन स्ट्युअर्ड होतो, अशा म्हाताऱ्या बाटल्या बऱ्याच हाताळल्यात. पहिलं म्हणजे आजारी कोणी पडत नाही. अल्कोहोल आणि आंबटपणा असल्यावर रोगाचे जंतू वाईनमध्ये टिकत नाहीत. बिघडली तर चव बिघडते, एवढंच.

आता खरं बोलतो. वाईन १२ ते १५ अंशांत आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. तुझी उभी आणि उकाड्यात होती, त्यामुळे बूच सुकलंय. उष्णतेने वाईन फुगून बाजूने झिरपली, म्हणून पत्री चिकट. पातळी उतरली तेवढी हवा आत शिरली. आशा निम्मीच ठेव आणि दुसरी साधी बाटली घरात असू दे. पण बायर्रादात बहुतेक बागा जातीची द्राक्षं असतात. तरुणपणी ती वाईन इतकी आंबट आणि तुरट की जीभ आखडते, आणि त्याच तुरटपणावर ती दशकं काढते. त्यामुळे मी हात टेकणार नाही.

उभी आहे ते एका अर्थी बरं, गाळ तळाशी बसलाय. आता आडवी करू नकोस. फोंड्याला आणली नसशील तर आजच आण, मांडीवर उभी धरून, आणि रविवारपर्यंत हलवू नकोस. त्या काळी पत्री बहुधा शिशाची असायची, युरोपात ती १९९० च्या दशकात बंद झाली. म्हणून पत्री बाटलीच्या ओठाच्या बरीच खाली काप आणि तोंड ओल्या फडक्याने नीट पूस, आतूनही.

कॉर्कस्क्रू विसर. सुकलेल्या बुचाचा तो भुगा करतो. दोन चपट्या पात्यांचा ओपनर मिळतो, पणजीत दारूच्या मोठ्या दुकानांत विचार. पाती बुचाच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून डुलवत खाली सरकवायची, मग पिळत वर ओढायचं. घाई केलीस तर बूच आत पडेल. पडलं तरी रडू नकोस, साबण न लावता धुतलेल्या मलमलीतून गाळून घे. ओतताना मानेमागे टॉर्च धर. गाळाची काळी रेघ मानेशी आली की थांब.

आपल्याकडची खोली म्हणजे तीस अंश, त्यात कसली रेड पितोस! पाऊण तास फ्रिजमध्ये, उभीच.

शागुती नको. त्या मसाल्यापुढे ही वाईन पाण्यासारखी लागेल, आणि सोरपोतेलचं (डुकराच्या मटणाचं) व्हिनेगर तर तिला मारूनच टाकेल. बायर्रादात ती लैतांवबरोबर पितात, म्हणजे भाजलेलं डुकराचं पिल्लू. तुमच्याकडे डुक्कर चालत नसेल तर मीठमिरी लावून भाजलेली कोंबडी आणि पोई (आपला गव्हाचा पाव). शागुती रात्री खा.

आईंना आधीच सांग, गोडी अजिबात नाही. पोर्टमध्ये आंबणं मध्येच थांबवायला द्राक्षाचा स्पिरिट ओततात, म्हणून साखर उरते. हिच्यात ती कधीच संपलीय.

सासष्टीकर
दोन तास आधी डिकँटरमध्ये (काचेच्या रुंद भांड्यात) ओतून ठेवायला नको? रेडला श्वास लागतो म्हणतात.

जुना_तारवटी
तो तरुण वाईनला. चाळीशीच्या वाईनचा सुवास अर्ध्यापाऊण तासात उडून जातो कधीकधी. ओत आणि लगेच ग्लासात घे. पहिला वास बंद खोलीसारखा आला तर पाच मिनिटं थांब, जातो तो. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर बूच खराब. तो जात नाही, उलट वाढतो. नेलपॉलिशचा आला तर मात्र म्हापशेकरांचं ऐक.

फोंडेकर
रविवारी उघडली. अर्धं बूच वर आलं, अर्धं आत राहिलं, मलमल कामी आली. रंग भाजक्या कौलासारखा, कडेला जवळजवळ केशरी. आधी कोंदट वास, मग सुक्या मनुकांचा आणि थोडा तंबाखूचा. आंबटपणा अजून जागा होता, तुरटपणा नावालाच. दुसरा ग्लास मात्र उतरलेला वाटला. बाबा दोन घोट घेऊन "बरी आहे" म्हणाले आणि उर्राक (काजूची दारू) काढली. गोड नाही म्हणून कुरकुरणाऱ्या आईनेच त्यांचा ग्लास संपवला.