पांढऱ्या पेशी 40 हजार, तरी तोंडात बुरशी कशी?

कृष्णाकाठचा:
बाबांना (वय 61) एएमएल निघालाय, ब्लड कॅन्सर. अ‍ॅडमिट केलं तेव्हा डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) 40 हजार, आणि केमो सुरू व्हायच्या आधीच जिभेवर, गालाच्या आतून दही चिकटल्यासारखे पांढरे डाग, कापसाने पुसले की खालून लालभडक. डॉक्टर म्हणाले कँडिडा बुरशी आहे, प्रतिकारशक्ती कमी झालीय. आता नॉर्मल 11 हजारापर्यंत असतं ना, मग चौपट पेशी असताना कमी कशी? राऊंडला सगळे घाईत, विचारायचं राहिलंच.

लॅबवाली:
दादा तो 40 हजारचा आकडा सोडा, त्याच रिपोर्टमध्ये खाली डिफरन्शियल (कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती) असतं ते बघा, ब्लास्ट किती आणि न्यूट्रोफिल किती. ब्लास्ट म्हणजे कॅन्सरच्या कच्च्या पेशी, कणीस टपोरं पण दाणे पोचट, काम शून्य, वर बोनमॅरोत जागा अडवून बसतात त्यामुळे चांगल्या पेशी बनतच नाहीत. बुरशीशी लढायला न्यूट्रोफिल लागतात. ते 500 च्या खाली गेले की धोका, आणि जितके जास्त दिवस खाली तितका जास्त.

बिनसाखरेचा_चहा:
ताईंचं बरोबर, फक्त एक, तोंडातल्या कँडिडाला मुख्यतः टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) आवरतात, न्यूट्रोफिल नसले तर तो रक्तात उतरतो, म्हणून डॉक्टर एवढे मागे लागतात. गाठीच्या कॅन्सरमध्ये काउंट बऱ्याचदा ठीक असतो, तिथे केमोने सोललेलं तोंड-आतडं, स्टिरॉइड, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) यातून बुरशी शिरते. माझ्या आईचं तेच झालं, कवळीखाली थ्रश (तोंडातली हीच बुरशी), आम्ही आठ दिवस तोंड आलंय म्हणून तूप लावत बसलो 🤦

लॅबवाली:
हो टी पेशींचं राहिलं, थँक्यू. आणि दादा, घरी आणल्यावर आसपास फरशी कापणं, भिंत फोडणं चालू असेल तर बाबांना लांब ठेवा. धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात, दोन-तीन मायक्रॉनचे, थेट फुप्फुसात. आणि ताप आला तर मनाने पॅरासिटामॉल देऊन दाबू नका, आधी वॉर्डला फोन.

कृष्णाकाठचा:
रिपोर्ट काढून बघितला. ब्लास्ट 88 टक्के, न्यूट्रोफिल 1. म्हणजे 40 हजारातले फक्त 400 कामाचे?? आणि आमच्या वरच्या मजल्यावर महिनाभर टाइल्सचं काम चालूय. संध्याकाळी जाऊन बोलतो त्यांच्याशी.